मेनू हाताला पाठ असतो: व्यावसायिक सॉफ्टवेअरचा मेनू बार बांधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीजकं, खरेदी, साठा आणि हिशेब सांभाळणारं एक जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे. पंधरा वर्षांत त्याच्या मेनू बारवर अकरा शीर्षकं आणि त्यांच्याखाली दीडशेच्या वर आयटम साठलेत, काही तर तिसऱ्या पातळीच्या सबमेनूत. आता तेच ब्राउझरसाठी नव्याने लिहायचं आहे. तर शीर्षकं किती ठेवावीत? ज्याला हक्क नाही त्याला आयटम लपवावा की फिका दाखवावा? कोडची रचना कशी असावी? आणि वर्षानुवर्षं कीबोर्डवर काम करणाऱ्या जुन्या लोकांचं काय करायचं?

चारही प्रश्नांची उत्तरं मी एकाच ठिकाणाहून सुरू करतो. मेनू पहिले काही दिवस वाचला जातो. त्यानंतर तो हाताला पाठ होतो, आणि मग कुणी वाचत नाही. आपण मेनू बांधतो तेव्हा मात्र तो वाचणारा माणूस डोळ्यांसमोर असतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका या एका गफलतीतून आल्या आहेत.

हे मला एका प्रसंगाने शिकवलं. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-प्रणालीच्या काळात आम्ही एक हिशेबाचं पॅकेज चालवत होतो. 'व्हाउचर' या मेनूत क्रमाने नवीन, दुरुस्ती, प्रिंट असे आयटम होते. तिथल्या लेखापाल बाई ऑल्ट-व्ही, दोनदा खाली बाण, एंटर, आणि 'प्रिंट करायचं?' या प्रश्नाला पुन्हा एंटर असं सरळ एका दमात करायच्या. नजर कागदावर, हात कीबोर्डवर. एका सुधारणेत आम्ही 'रद्द करा' हा नवा आयटम दुरुस्तीच्या खाली घातला, कारण दुरुस्ती आणि रद्द ही एकाच कुळातली कामं वाटली. त्याचाही खात्री करून घेणारा प्रश्न होता, आणि त्यातही 'हो' हेच बटण आधी निवडलेलं. प्रिंटर शेजारच्या खोलीत होता. कागद येत नाहीत हे लक्षात येईपर्यंत चौदा व्हाउचरं रद्द झाली होती. बाई एवढंच म्हणाल्या, "मी काहीच वेगळं केलं नाही हो." त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. वेगळं आम्ही केलं होतं.

त्या दिवसापासून दोन गोष्टी मी सोडलेल्या नाहीत. नवा आयटम गटाच्या शेवटी जातो, मधे कधीच नाही. आणि जे परत फिरवता येत नाही त्या प्रश्नात आधी निवडलेलं बटण 'नाही' हेच असतं.

आधी यादी, मग चित्र

तुमच्या दीडशे आयटमांची सपाट यादी करा. प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहा: ही जाण्याची जागा आहे की करायचं काम? 'ग्राहक मास्टर' (ग्राहकांची मूळ यादी), 'साठा अहवाल', 'खरेदी नोंद' या जागा आहेत. 'पोस्ट करा' (म्हणजे नोंद हिशेबात पक्की करा), 'प्रत काढा', 'ओळ वगळा' ही समोरच्या नोंदीवर करायची कामं आहेत. व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या मेनूतला गोंधळ जवळजवळ नेहमी या दोन जाती एकत्र शिजवल्यामुळे होतो. 'ट्रान्झॅक्शन' मेनूत 'बीजक' म्हटलं की नवा पडदा उघडतो आणि त्याच मेनूत 'मंजूर करा' म्हटलं की उघड्या नोंदीवर शिक्का बसतो. नव्या माणसाला कशावर दाबल्यावर काय होईल याचा अंदाजच बांधता येत नाही.

जागा मेनू बारमधून बाहेर काढता आल्या, म्हणजे डावीकडच्या पट्टीत किंवा पहिल्या पडद्यावर नेता आल्या, तर उत्तमच. मेनू बार मग फक्त कामांचा राहतो आणि निम्म्याने हलका होतो. तसं जमत नसेल तर निदान शीर्षकं तरी वेगळी करा: आधी मास्टर, व्यवहार, अहवाल ही जागांची शीर्षकं, आणि त्यानंतर 'नोंद' हे एक शीर्षक, जे प्रत्येक पडद्यावर त्याच जागी आणि त्याच क्रमाने राहील. बीजक असो वा साठा-बदली, 'नोंद' उघडली की नवीन, जतन, प्रत, पोस्ट, रद्द हाच क्रम. एखादं काम त्या पडद्याला लागू नसेल तर ते फिकं दिसेल, पण जागा सोडणार नाही.

शीर्षकं किती? मी सहा ते नऊ यांच्या बाहेर जात नाही. अकरा असतील तर त्यातली दोन-तीन नक्की 'इतर', 'टूल्स', 'युटिलिटी' अशा नावांची असणार. ही शीर्षकं म्हणजे आम्हाला ठरवता आलं नाही याची कबुली असते. त्यातला प्रत्येक आयटम उचला आणि विचारा, हे काम करताना माणूस कुठल्या पडद्यावर असतो? बहुतेकांना घर सापडतं. न सापडलेले चार-पाच खरोखर देखभालीचे निघतात, बॅकअप, वर्षअखेर, वापरकर्ते. त्यांच्यासाठी 'व्यवस्था' असं एक स्पष्ट शीर्षक पुरतं.

फाइल, एडिट, व्ह्यू आणि शेवटी हेल्प हा क्रम आपोआप आलेला नाही. वरून खाली उघडणारे मेनू अ‍ॅपलच्या लिसाने 1983 मध्ये आणि मॅकिंटॉशने 1984 मध्ये बाजारात आणले. आयबीएमने 1987 मध्ये कॉमन युजर अ‍ॅक्सेस या नावाने नियम बांधले, आणि एफ-1 ला मदत, एफ-10 ला मेनू बार या सवयी तिथून विंडोजच्या जगात रुजल्या. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फाइल' नावाची वस्तूच नसेल, सगळं डेटाबेसमध्येच असेल, तर ते शीर्षक ओढूनताणून ठेवू नका. पण कट-कॉपी-पेस्ट असेल तर ते 'एडिट'मध्येच, आणि मदत उजव्या टोकालाच. लोक ती सवय दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून घेऊन येतात, तिच्याशी भांडण्यात काही मिळत नाही.

पातळ्यांबद्दल मी ठाम आहे: शीर्षक, मेनू, आणि फार तर एक सबमेनू. तिसरी पातळी नको. दहा-बारा आयटमांचा सपाट मेनू नजर एका झटक्यात पार करते, पण तीन पातळ्यांत दडलेले दहा आयटम शोधताना प्रत्येक वळणावर अंदाज बांधावा लागतो आणि चुकला की मागे यावं लागतं. विंडोजमध्ये सबमेनू उघडायला मुळात 400 मिलिसेकंद थांबण्याची सोय आहे, ती उगाच नाही. माऊस सबमेनूकडे तिरका निघतो, वाटेत खालच्या आयटमवरून जातो, आणि मेनूने लगेच प्रतिसाद दिला तर हवा तो सबमेनू हात पोचायच्या आत मिटतो. ब्राउझरमध्ये हे तुम्हालाच सांभाळायचं आहे. माऊसची जागा आणि सबमेनूची जवळची दोन टोकं यांचा त्रिकोण धरा. पुढची हालचाल त्या त्रिकोणात असेल तोवर दुसरा आयटम निवडू नका. थोडं गणित आहे, पण लोकांचा त्रास लगेच कमी होतो.

मेनूच्या आत रेघांनी तीन-चार आयटमांचे गट पाडा. अकारविल्हे लावू नका. वर्णक्रमाने लावलेला मेनू नीटनेटका दिसतो, पण 'मंजूर करा' आणि 'माल परत' यांना तो शेजारी बसवतो. कामाचा ओघ जसा असतो तसा क्रम ठेवा. रोजच्या वापराचा आयटम आणि नुकसान करणारा आयटम यांच्यात निदान एक रेघ तरी हवी.

शब्दांबद्दल थोडंच सांगतो. ऑफिसात माणसं जो शब्द बोलतात तो लिहा. 'पोस्ट करा' म्हणत असतील तर 'अंतिमीकरण' नको. आयटमपुढची तीन टिंबं म्हणजे 'काम होण्याआधी मी तुला आणखी काही विचारणार आहे' असा शब्द असतो. 'निर्यात…' बरोबर आहे, कारण कुठे आणि कशात ते विचारायचं आहे. 'आमच्याविषयी'ला खिडकी उघडत असली तरी टिंबं नकोत, कारण विचारायचं काहीच नाही. चालू-बंद होणाऱ्या गोष्टीला मजकूर न बदलता बरोबरची खूण द्या. 'बंद खाती दाखवा' वर खूण आहे किंवा नाही, एवढंच. मजकूर 'दाखवा'चा 'लपवा' झाला की तो सद्यस्थिती सांगतोय की पुढचं काम, हा संशय राहतोच.

लपवायचं की फिकं करायचं

यावर सर्वांत जास्त वाद होतो. माझा नियम असा: जे आत्ता चालत नाही, पण दुसऱ्या नोंदीवर किंवा थोड्या वेळाने चालेल, ते फिकं. जे या माणसाला कधीच करायचं नाही, ते लपवा.

पहिल्या भागाचं कारण वर आलंच. व्हाउचर आधीच पोस्ट झालंय म्हणून 'पोस्ट करा' गायब केलं, तर खालचे सगळे आयटम एकेक पायरी वर सरकतात आणि पुढच्या नोंदीवर पुन्हा खाली येतात. हाताला काहीच पाठ होत नाही. शिवाय फिका आयटम एक गोष्ट शिकवतो: हे काम इथे मिळतं, फक्त आत्ता नाही. गायब झालेला आयटम माणूस दुसऱ्या मेनूत शोधत बसतो.

पण नुसतं फिकं करून थांबणं अर्धवट आहे. फिक्या आयटमकडे पाहणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो, का? त्याचं उत्तर तिथेच द्या. 'कालावधी बंद आहे', 'नावे आणि जमा जुळत नाहीत', 'आधी जतन करा'. खालच्या पट्टीत दाखवा, आयटमच्या बाजूला दाखवा, पण दाखवा. आमच्याकडे ही एक सोय दिल्यावर 'बटण चालत नाही' असे फोन जवळपास थांबले. पूर्वी त्या प्रत्येक फोनमध्ये आमचा माणूस पलीकडच्या माणसाला एकेक अट विचारत बसायचा.

ब्राउझरमध्ये यात एक बारीक गोष्ट आहे. बटणाला एचटीएमएलचा नेहमीचा डिसेबल्ड गुण लावला की त्यावर फोकसच, म्हणजे कीबोर्डची निवड, जात नाही. मग कीबोर्डवरच्या माणसाला कारण वाचता येत नाही, आणि बाणाने उतरताना फिके आयटम गाळले गेल्यामुळे 'दोनदा खाली' चा हिशेबही बदलतो. म्हणून एरिया (ARIA) या सुलभतेच्या मानकातला एरिया-डिसेबल्ड गुण वापरा, फोकस जाऊ द्या, फक्त काम चालवू नका. एरियाच्या मार्गदर्शनातही मेनूतल्या बंद आयटमवर फोकस जाऊ द्यावा असंच सुचवलेलं आहे.

दुसरा भाग, हक्कांचा. माल उचलणाऱ्या माणसाला 'वर्षअखेर' फिकं दाखवून काय साधतं? त्याच्या मेनूत तो आयटम नसावाच. मात्र लपवल्याने बाकीच्यांच्या जागा हलू नयेत म्हणून ज्या कामांना वरचे हक्क लागतात ती गटाच्या तळाशी ठेवा, किंवा त्यांचा स्वतंत्र गट मेनूच्या शेवटी. मग साध्या हक्कांच्या माणसाचा मेनू फक्त खालून आखूड होतो. त्याला उद्या बढती मिळाली तरी हाताला पाठ असलेला वरचा भाग तसाच राहतो. लपवल्यानंतर दोन रेघा लागोपाठ राहिल्या, मेनू रेघेने सुरू झाला, किंवा शीर्षकाखाली काहीच उरलं नाही, हे तिन्ही कोडने आपणहून साफ करायचं.

विकत न घेतलेले विभाग फिके दाखवून जाहिरात करण्याचा मोह विक्रीवाल्यांना होतो. मी त्याला कायम नकार देतो. कामाच्या मेनूत दिवसभर ज्याचा उपयोग नाही ते डोळ्यांसमोर ठेवू नये.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: आयटम लपवणं म्हणजे सुरक्षा नव्हे. ब्राउझरमध्ये मेनू नसला तरी सर्व्हरकडे हाक जाऊ शकते. ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या 2021 च्या दहा धोक्यांच्या यादीत तुटका प्रवेश-हक्क पहिल्या क्रमांकावर आहे, तो अशाच ठिकाणी सापडतो. तपासणी सर्व्हरवर पुन्हा व्हायलाच हवी, मेनूत दिसणं-न दिसणं ही फक्त वापरणाऱ्याची सोय आहे.

कोड: काम एका जागी, मेनू त्याचं एक दर्शन

जुन्या कोडमध्ये बहुधा असं असेल: मेनूच्या क्लिकवर एक प्रोसीजर, टूलबारच्या बटणावर तिचीच नक्कल, शॉर्टकटवर तिसरी, उजव्या क्लिकच्या मेनूत चौथी. एकीत कालावधीची अट आहे, दुसरीत विसरली आहे. हे मोडायचं आहे.

प्रत्येक काम म्हणजे एक नोंद करा. आमच्याकडे ती अशी दिसते:

ओळख: व्हाउचर.पोस्ट
मजकूर: पोस्ट करा
मेनूतलं अक्षर: पी
शॉर्टकट: कंट्रोल + एंटर
हक्क: हिशेब.पोस्टिंग
चालेल का: नोंद उघडी आहे, जतन झाली आहे, नावे-जमा जुळते, कालावधी बंद नाही
कृती: पोस्टिंग सेवेला हाक

मेनू, टूलबार, उजव्या क्लिकचा मेनू, शॉर्टकट, हे सगळे फक्त ओळख जाणतात. मजकूर, अट आणि कृती एकाच जागी. ही कल्पना माझी नाही. सॉफ्टवेअर बांधायच्या साधनांत ती आधीपासून आहे: 1998 च्या डेल्फी 4 मध्ये अ‍ॅक्शन लिस्ट आली, जावाच्या स्विंगमध्ये अ‍ॅक्शन, क्यूटीत क्यूअ‍ॅक्शन, डब्ल्यूपीएफमध्ये आयकमांड, सगळ्यांनी हेच केलं. ब्राउझरच्या जगात मात्र लोक हे विसरून पुन्हा प्रत्येक बटणावर वेगळी अट लिहायला लागलेत.

माझी भर एवढीच की 'चालेल का' या फंक्शनने हो-नाही परत देऊ नये. त्याने 'चालेल' किंवा न चालण्याचं कारण द्यावं, म्हणजे पहिली न जुळलेली अट, एका वाक्यात. मग वर म्हटलेली 'का' ची सोय फुकट मिळते, आणि सर्व्हरही तीच अटींची यादी वापरू शकतो.

हे फंक्शन मेनू उघडताना दहा-बारा वेळा धावतं, म्हणून त्यात डेटाबेसला हाक नको. एका ठिकाणी मेनू उघडायला दीड-दोन सेकंद लागत होते. शोधलं तर प्रत्येक आयटमसाठी हक्कांच्या टेबलावर एक क्वेरी जात होती. हक्क लॉगिनच्या वेळी आणा, नोंदीची स्थिती नोंदीबरोबर आणा, आणि अटी स्मृतीतल्या माहितीवरच तपासा.

आता एक दोष, जो मी किमान पाच वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांत पाहिलाय. आयटम चालू की बंद हे फक्त मेनू उघडताना ठरवलं जातं. माणूस मेनू उघडतो, 'पोस्ट' बंद दिसतं, मेनू मिटतो, राहिलेली रक्कम भरतो, आणि कंट्रोल-एंटर दाबतो. काहीच होत नाही, कारण शॉर्टकट जुन्याच स्थितीला धरून बसलाय. विंडोजच्या मूळ रचनेत शॉर्टकट चालवण्याआधीही मेनू उघडल्यासारखा निरोप पाठवला जातो, तो याचसाठी. तुमच्याकडे काम चालवणारी एकच वाट असावी, आणि तिने प्रत्येक वेळी, कुठूनही हाक आली तरी, अट पुन्हा तपासावी.

त्याच वाटेवर आणखी एक पायरी हवी, आणि ही व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत महाग पडणारी चूक आहे. माणसाने बीजकाच्या ओळीत 10 नग खोडून 12 लिहिले. कर्सर अजून त्याच खान्यात आहे. कंट्रोल-एस दाबलं. जतन झालं 10. कारण खान्यातला आकडा नोंदीत उतरतो तो खान्यातून बाहेर पडल्यावर, आणि शॉर्टकटने कुणी बाहेर पडलंच नाही. डेस्कटॉपवर मेनू किंवा टूलबारनेसुद्धा फोकस हलत नाही, त्यामुळे तिथेही तेच होतं. ब्राउझरमध्ये चेंज या घटनेवर विसंबलात तर हाच अनुभव येईल. म्हणून काम चालवण्याआधी: चालू खान्यातला मजकूर नोंदीत उतरवा, तपासा, चुकीचा असेल तर तिथेच थांबा. काम झाल्यावर फोकस त्याच खान्यात परत द्या. मेनू वापरला म्हणून माणसाला पडद्याच्या सुरुवातीपासून पुन्हा टॅब मारत यावं लागू नये.

मेनूचं झाड, म्हणजे कुठल्या शीर्षकाखाली काय आणि कुठल्या क्रमाने, हे डेटाबेसच्या टेबलात ठेवण्याची जुनी पद्धत आहे. मी ती केली आणि सोडली. प्रत्येक ग्राहकाकडे कुणीतरी क्रम बदलतो, नाव बदलतो, आणि मग फोनवर 'व्यवहारमधला चौथा' म्हणून सांगता येत नाही, माहितीपुस्तिका कुणाच्याच पडद्याशी जुळत नाही. झाड कोडबरोबर, आवृत्तीच्या नोंदीत ठेवा. डेटाबेसमध्ये फक्त कुणाला काय हक्क तेवढं.

झाड माहितीच्या रूपात असल्याचा एक मोठा फायदा म्हणजे त्याची चाचणी यंत्र करू शकतं. प्रत्येक बांधणीत (बिल्डमध्ये) आमची एक छोटी चाचणी पूर्ण झाड फिरते: एका मेनूत एकच अक्षर दोघांना दिलंय का, एक शॉर्टकट दोन कामांना आहे का, कुठल्याच मेनूत नसलेलं काम उरलंय का, भाषांतर राहिलंय का, आणि मागच्या आवृत्तीच्या तुलनेत कुठला आयटम हलला. शेवटची तपासणी मुद्दाम अडवते. जागा बदलायची असेल तर कुणीतरी कारण लिहून मान्यता द्यावी लागते.

कीबोर्ड

दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत होते. मेनूतलं अक्षर म्हणजे मेनूतून चालत जायची वाट: ऑल्ट-व्ही, मग पी. शॉर्टकट म्हणजे मेनू न उघडता थेट काम. वाट प्रत्येक आयटमला हवी. शॉर्टकट दहा-पंधरा कामांनाच द्या, आणि आयटमच्या उजव्या कडेला लिहा. मेनू वापरता वापरताच माणूस तो शिकतो.

एका मेनूत दोघांना एकच अक्षर दिलं तर विंडोजच्या मूळ मेनूत ते दाबल्यावर काम चालत नाही, निवड फक्त एकावरून दुसऱ्यावर सरकते. म्हणजे 'पी' ने आजवर प्रिंट होत असेल आणि तुम्ही 'पी' अक्षराचंच 'पडताळणी' घातलं, तर जुनी सवय गपचूप मोडते.

ब्राउझरमध्ये कंट्रोल-एन, कंट्रोल-टी, कंट्रोल-डब्ल्यू साध्या टॅबमध्ये तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, ते ब्राउझर स्वतःकडे ठेवतो. कंट्रोल-एस आणि कंट्रोल-पी अडवता येतात. ऑल्टबरोबरची काही अक्षरं ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूची किंवा पत्त्याच्या खान्याची आहेत. कंट्रोल-ऑल्टची जोडी टाळा, कारण अनेक कीबोर्डांवर ती ऑल्ट-जीआर म्हणून वेगळं चिन्ह उमटवते. जुन्या लोकांसाठी मी असं केलं: मेनू बारवर नेणारी एक फंक्शन-की ठरवली, आणि त्यापुढची अक्षरं जशीच्या तशी ठेवली. म्हणजे ऑल्ट-व्ही, पी च्या ऐवजी ती की, व्ही, पी. बदल पहिल्या बोटापुरता राहिला आणि आठवडाभरात बसला.

मराठी मेनू असेल तर अक्षराखालची रेघ नीट बसत नाही. उकार आणि ऋकार तिथेच येतात, आणि 'व्हा' सारख्या जोडाक्षरातल्या एकाच वर्णाखाली रेघ मारली की अक्षर फुटून दिसू शकतं. अक्षर शेवटी कंसात लिहिणं सर्वांत स्वच्छ. आयटमची उंचीही इंग्रजीच्या मापाने ठेवू नका, वरच्या मात्रा किंवा खालचे उकार कापले जातात. कीबोर्डचा लेआउट मराठी असताना तेच बटण वेगळं अक्षर पाठवतं, म्हणून ब्राउझरमध्ये उमटलेलं अक्षर आणि भौतिक बटण यांपैकी कशावर विसंबायचं ते ठरवा आणि दोन्ही लेआउट लावून तपासा.

एरियाबद्दल एक इशारा. मेनूबार आणि मेनू या भूमिका, म्हणजे हा घटक काय आहे हे सांगणाऱ्या खुणा, लावल्या की पूर्ण वागणूक द्यावी लागते: टॅबने आत येताना एकच थांबा, मग बाणांनी फिरणं, एस्केपने मिटून फोकस शीर्षकावर परत, अक्षर दाबल्यावर त्या आयटमवर उडी. हे सगळं देणार नसाल तर त्या भूमिका लावू नका. फक्त जागांची यादी असेल तर साधे दुवे आणि उघड-मीट करणारं बटण पुरतं. अर्धवट मेनूबार स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला साध्या दुव्यांपेक्षा जास्त अडवतो.

पहिला मेनू माऊस नेल्याने नव्हे, क्लिकनेच उघडावा. एक उघडा असताना शेजारच्या शीर्षकावर नेलं तर तो उघडावा. दाबून, ओढून, आयटमवर सोडणं हेही चालायला हवं, कित्येक जुन्या हातांना तीच सवय असते. शीर्षकांना भरपूर उंची द्या. मॅकचा मेनू बार पडद्याच्या वरच्या कडेला असतो, त्यामुळे माऊस वर कितीही ढकलला तरी तिथेच अडतो. तुमच्या मेनूच्या वर ब्राउझरचे टॅब आहेत, त्यामुळे नेम चुकला की दुसऱ्याच कामाचा टॅब उघडतो.

जुन्या लोकांना नव्याकडे नेताना

लिहायला बसण्याआधी जुन्या आवृत्तीत कोणतं काम किती वेळा आणि कुठून चालवलं जातं याची नोंद महिनाभर ठेवा. महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे. पण कमी वापर म्हणजे निरुपयोगी असं समजू नका. वर्षअखेर वर्षातून एकदाच होते.

त्या आकड्यांवरून मेनू आपोआप बदलता ठेवावा हा मोह टाळा. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस 2000 मध्ये कमी वापरलेले आयटम दडवणारे मेनू आले होते. ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं, पण आज दिसणारी वस्तू उद्या दिसत नाही, आणि माणसाचा मेनूवरचा भरवसाच जातो. 2007 मध्ये ऑफिसात मेनूंच्या जागी रिबन, म्हणजे बटणांची रुंद पट्टी, आली तेव्हा त्यातली बटणं आपल्या जागी ठाम होती.

त्याऐवजी शोध द्या. मॅकवर 2007 च्या लेपर्ड या आवृत्तीपासून हेल्प मेनूत शब्द लिहिला की तो आयटम असलेला मेनू उघडतो आणि त्याच्याकडे बाण दाखवतो. तुमच्याकडे कामांची यादी आधीच एका जागी आहे, त्यामुळे हे दोन दिवसांचं काम आहे. त्या शोधात प्रत्येक कामाचं जुनं नाव आणि जुनी जागाही भरून ठेवा. 'डे बुक' लिहिलं की 'रोजकीर्द' सापडली पाहिजे, आणि शेजारी तिची नवी वाटही लिहिलेली दिसली पाहिजे. लोक काय शोधतात आणि कशासाठी हात हलवत परत जातात याचीही नोंद ठेवा. पहिल्या दोन महिन्यांत मी तीच यादी रोज सकाळी पाहायचो, आणि मेनूतले जे दोन-तीन शब्द बदलावे लागले ते तिच्यातूनच कळले.